दुधनीची वाट

सिल्वासा
६ जानेवारी २०२५

विश्वनाथदादा, नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. मी फोनवर तुझ्याशी बोलले की वरच्या मजल्यावरचे नवनाथभाऊ दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर सल्ला देतात.

आता कामाचं. ओंकारसाठी एक स्थळ आलंय आणि ते नवनाथभाऊंनीच आणलंय. मुलगी गौरी. वडील आपल्याच बाजूचे, गुहागरकडचे, इथे सरकारी कचेरीत आहेत. मुलगी खानवेलच्या पुढे एका पाड्यावरच्या मराठी शाळेत शिकवते. रोज बसने खानवेल, तिथून पुढे पायी. फोटोत चांगली दिसते. ओंकार दोनदा भेटून आला, कुठेतरी कॉफी प्यायले. "कशी आहे?" विचारलं तर म्हणतो, "चांगली आहे, आई." धाग्याच्या फॅक्टरीत दिवसभर सुपरवायझरी करून हा मुलगा घरी आल्यावर तीन शब्दांच्या वर बोलत नाही.

पण दादा, कानावर एक आलंय. मुलीच्या पायात काहीतरी आहे म्हणतात. कोणी म्हणतं लहानपणी पडली, कोणी म्हणतं जन्मापासून. ओंकारला विचारलं तर म्हणे, "आम्ही बसलो होतो." आता मी तिला "चालून दाखव" म्हणू का? मला बघायला आले तेव्हा काकांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालवलं होतं. वरून म्हणाले, "जरा भरभर." तेव्हाच ठरवलं होतं की मी कोणाच्या मुलीला असं करणार नाही. आपण शिकलेली माणसं आहोत.

म्हणून तू ये. तू थोरला आहेस, इथल्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंयस, अजून लोक तुझं नाव काढतात. तुला काहीतरी सुचेल. तिला न कळता, नीट दिसेल असं. वापीला ओंकार घ्यायला येईल.

तुझी,
प्रमिला


वेंगुर्ला
१४ जानेवारी २०२५

प्रिय प्रमिला,

येतो. तिळगूळ घेऊनच येतो, तोवर संक्रांत सरलेली असली तरी.

तुझी अडचण वाचली आणि सांगू का, मला गंमत वाटली. मुलांच्या मासिकात मी दर महिन्याला एका इंग्रजी शब्दाची गोष्ट लिहितो, हे तुला माहीत आहे (तू वाचत नाहीस, हेही मला माहीत आहे). आता लिहायला घेतलेला शब्द कोणता असेल? 'वॉक'. आपण आता मराठीतही वॉकला जातो, म्हातारे झालो की वॉकर धरतो, आणि हा शब्द आला कुठून हे कोणी विचारत नाही. मी गेले पंधरा दिवस कोश उघडून बसलोय. इंग्लंडच्या उत्तरेला लोकरीचं नवं कापड पाण्यात घालून पायांनी तुडवायचे, म्हणजे ते घट्ट व्हायचं. या तुडवण्यालाही 'वॉक'च म्हणत. तो धंदा करणाऱ्यांचं आडनाव पडलं वॉकर. आपण ज्याला नुसतं फिरणं समजतो, त्यात कोणाकोणाचे पाय दिवसभर थंड पाण्यात भिजले होते.

तर उपाय असा. मुलगी शिक्षिका आहे. मी तिला या शब्दाबद्दल विचारतो, तिच्या मुलांना तो कसा शिकवते ते विचारतो. मग म्हणतो, 'वॉक'वर बसून काय बोलायचं, चल, दुधनीला जाऊ. धरणाच्या पाण्यापर्यंत जाणारी ती उतरती वाट तुला आठवते ना, होड्या लागतात तिथली? वाट अरुंद आहे. मी तिला पुढे जायला सांगेन. पुढचं मी बघतो. कोणी कोणाला चालून दाखवलं असं होणारच नाही.

तुझ्या वहिनीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चोरून बघणंच झालं की." बायकांना युक्तीचं कौतुक नसतं असं म्हणून मी हसलो. ती हसली नाही, पण तिचं डोकं दुखत होतं.

ओंकारला आशीर्वाद.

विश्वनाथ


वेंगुर्ला
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रमिला,

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा वाटेतच संपवला, वहिनीला सांगू नकोस.

सिल्वासा बदललं. माझ्या वेळी शाळेच्या मागे झाडं होती, आता गोदाम आहे. पण दुधनीला पाणी तसंच आहे आणि गौरीशी बोलताना मला बऱ्याच दिवसांनी वर्गात असल्यासारखं वाटलं. फार हुशार मुलगी. माझ्या डाव्या कानाला मुळीच ऐकू येत नाही हे तिने न सांगता ओळखलं आणि उजव्या बाजूला येऊन बोलू लागली. मी म्हटलं, 'वॉक'चा सगळ्यांत जुना अर्थ चालणं नव्हताच. लाटा उसळतात, लोळतात, इकडून तिकडे हेलावतात, त्या हालचालीचा तो शब्द. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत समुद्र 'वॉक' करी, माणूस नव्हे. मग कधीतरी तो भटकण्याचा झाला आणि पुढे पायांनी जाण्याचा. आपलं 'वळणं' त्याच्या कुठल्यातरी दूरच्या भावकीतलं असावं असंही काही जण म्हणतात, त्यावर मी पैज लावणार नाही. ती म्हणाली, "सर, म्हणजे लाटेचं माणूस कधी झालं?" मी पस्तीस वर्षं शिकवलं, असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग आम्ही खाली उतरलो. ठरल्याप्रमाणे ती पुढे, मी मागे. बोलण्याच्या नादात होती, हात हलवून काहीतरी सांगत होती. आणि प्रमिला, मला तो जुना शब्द डोळ्यांनी दिसला. नुसतं पाऊल टाकणं नव्हे, हेलावणं. भरतीच्या वेळी बंदरात नांगरलेली होडी डुलते ना, तशी तिची चाल आहे. उजव्या अंगाला जरा जास्त. हजार वर्षांपूर्वीचा शब्द दुधनीच्या वाटेवरून उतरत होता. हे मी माझ्या लेखात घालणार आहे.

बाकी तू सुज्ञ आहेस.

विश्वनाथ


सिल्वासा
१२ फेब्रुवारी २०२५

विश्वनाथदादा,

तुझं पत्र मिळालं. किती नाजूक लिहिलंयस. मी दोनदा वाचलं, मग ओंकारला दिलं. तो वाचून ड्यूटीवर निघून गेला.

तू होतास म्हणून निभावलं. नवनाथभाऊ दर दिवसाआड विचारत होते, नकार काय सांगून द्यायचा हे मला समजत नव्हतं. पत्रिका जुळत नाही म्हणावं तर आधीच जुळलीय असं सांगून बसले होते. शेवटी तुझ्याच पत्राचा फोटो काढून त्यांना पाठवला. दुसरं पान, होडीचं. म्हटलं, आमच्या दादांनी किती मानाने लिहिलंय बघा, पण तुम्ही समजून घ्या. "तू सुज्ञ आहेस" मागच्या बाजूला गेलं होतं, ते फोटोत आलं नाही, बरंच झालं. नवनाथभाऊंनी तो फोटो तसाच मुलीच्या वडिलांना पाठवला. फक्त 'ठीक आहे' असं उत्तर आलं.

तर झालं. कोणाचं मन दुखावलं नाही, वाईट शब्द नाही. ओंकार जरा तुसड्यासारखा वागतोय, चार दिवसांत येईल ताळ्यावर. आता वापीकडचं एक स्थळ आहे.

वहिनीचं डोकं कसं आहे?

प्रमिला


वेंगुर्ला
१८ फेब्रुवारी २०२५

चि. गौरी,

तुझा पत्ता शाळेचा घातलाय, घरी पाठवायचा धीर झाला नाही.

माझ्या खासगी पत्रातलं एक पान तुझ्या वडिलांपर्यंत गेल्याचं मला आज कळलं. ते वाचून त्यांना आणि तुला काय वाटलं असेल, या विचाराने मला जेवण गेलं नाही. मी तुझी क्षमा मागतो.

एवढंच सांगायचं आहे की मी ते शब्दाबद्दल लिहिलं होतं. दुधनीला आपण ज्या विषयावर बोलत होतो, तोच माझ्या डोक्यात होता. तुझी चाल पाहून मला त्या शब्दाचा जुना अर्थ उमगला, आणि त्या आनंदात मी लिहून गेलो. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. प्रमिलाने त्याचा भलताच अर्थ लावला. ती मनाची वाईट नाही, पण तिने ते चुकीचं वाचलं. मी म्हातारा मास्तर आहे, शब्द दिसला की पुढचं-मागचं पाहत नाही, हा माझा दोष समज.

तू विचारलेला प्रश्न, लाटेचं माणूस कधी झालं, अजून माझ्या टेबलावर आहे. उत्तर द्यावंस अशी माझी अपेक्षा नाही. दिलंस तर उपकार होतील.

विश्वनाथ


खानवेल
१ मार्च २०२५

आदरणीय विश्वनाथ सर,

तुमचं पत्र वर्गात आलं. मुलांना वाटलं परीक्षेचं काहीतरी आहे, म्हणून सगळी शांत बसली. त्याबद्दल आधी आभार.

सर, तुम्ही इतकं वाईट वाटून घेऊ नका. मी खरं लिहू का? माझा उजवा पाय जन्मापासून थोडा आखूड आहे. मला बघायला चार घरं येऊन गेली. चालून दाखव असं आता कोणीच म्हणत नाही, सगळे शिकलेले असतात. एका काकूंनी पाच मिनिटांत तीनदा पाणी मागितलं. एकांना आमच्या गच्चीवरून फॅक्टऱ्यांचे दिवे बघायचे होते, मी पुढे आणि ते सहा जण मागे. एकांनी नवरात्रात गरब्याला बोलावलं आणि स्वतः खुर्च्या टाकून बसले. मला सवय झालीय. पाठीवर डोळे आहेत असं वाटलं की मी कंबर ताठ करते, उजवी टाच उचलून चवड्यावर चालते. अर्धा तास जमतं. मग रात्री दुखतं.

दुधनीला पहिल्यांदा मी हे विसरले. तुम्ही लाटांचं सांगत होता आणि मला पुढचं ऐकायचं होतं. खाली पाण्याजवळ पोचल्यावर लक्षात आलं की मी सगळी वाट माझ्यासारखी चालत आले. घाबरून तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही पाण्याकडे बघत होता. घरी येऊन आईला म्हटलं, लग्न जमो न जमो, त्या सरांनी माझ्या पायाकडे पाहिलं नाही.

म्हणून तो फोटो आला तेव्हा बाबा रात्रभर खुर्चीत बसून राहिले, पण मला तसं झालं नाही. मी ते पान परत परत वाचलं. नकार ओंकारच्या आईचा होता, वाक्य तुमचं होतं. त्यांनी ते चुकीचं वाचलं असणार हे मला तुमचं पत्र यायच्या आधीच ठाऊक होतं. लहानपणापासून माझ्या चालीला पुष्कळ नावं ऐकली सर, त्यांत होडी कोणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी टाच उचलणं सोडलंय. बसस्टँडपासून शाळेपर्यंत जशी आहे तशी चालते. वर्गात 'वॉक' शिकवला तेव्हा मुलांना ओळीत उभं करून लाटा व्हायला लावलं, फार दंगा झाला. तुमच्या लेखात ते वाक्य जरूर घाला. नाव नाही घातलंत तरी चालेल, मला कळेल.

तुमची विद्यार्थिनीच,
गौरी


वेंगुर्ला
७ मार्च २०२५

प्रमिला,

माझं जानेवारीतलं पत्र तुझ्याकडे असेल. दुधनीचा बेत ज्यात आहे ते. आणि फेब्रुवारीतल्या पत्राचं शेवटचं पान. दोन्ही फाडून टाक. कोणाच्या हाती पडायला नकोत. टाकलंस की मला कळव.

विश्वनाथ


सिल्वासा
१३ मार्च २०२५

विश्वनाथदादा,

फाडलं. काल होळीची लाकडं रचत होते खाली, त्यात टाकून आले. आता कोणाला काही कळायचं नाही, तू निर्धास्त राहा.

पण टाकण्याआधी पुन्हा वाचलं. का कोण जाणे, तुझ्या वडिलांची ती ओटी डोळ्यांपुढे आली. मी चालत होते तेव्हा तू खांबाला टेकून उभा होतास, आठवतं का? कॉलेजातून सुट्टीवर आला होतास. नंतर मला म्हणालास, "ताठ चाललीस, छान." मला तेव्हा ते फार बरं वाटलं होतं. आता इतक्या वर्षांनी वाईट का वाटावं ते समजत नाही.

ओंकार त्या मुलीला भेटायला खानवेलला गेला होता. वापीच्या स्थळाला त्याने नाही म्हटलंय.

प्रमिला


वेंगुर्ला
२० मार्च २०२५

चि. गौरी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. मला आता फाडण्याची चांगली सवय झाली आहे, ते पुढे सांगतो.

प्रमिलाने माझं पत्र चुकीचं वाचलं असं मी तुला कळवलं होतं. तिने ते बरोबर वाचलं होतं.

तुझ्या पायाबद्दल तिच्या कानावर आलं होतं. तुला न कळता बघता येईल अशी युक्ती तिने मला विचारली, आणि मी ती आनंदाने काढली. दुधनीला जायचं हे मी इथे घरी बसून ठरवलं होतं. 'वॉक'वरचं बोलणं हे त्याचं निमित्त होतं. वाट अरुंद आहे म्हणून मी तुला पुढे घातलं नाही, मला मागून बघायचं होतं. वाटभर मी बघत राहिलो. तू वळलीस तेव्हा मी पाण्याकडे बघत होतो, कारण बघून झालं होतं.

मग पत्र लिहायला बसलो. 'मुलगी लंगडते' एवढं दोन शब्दांत लिहिता आलं असतं. ते माझ्या सुशिक्षित हाताने लिहवेना. लाज वाटली, पण कशाची? बघण्याची वाटली नाही, तो शब्द वापरण्याची वाटली. म्हणून मी त्यावर लाटा घातल्या, होडी घातली. उजव्या अंगाला जरा जास्त, हे मात्र विसरलो नाही, कारण तेच कळवायचं होतं. पुढच्या पानावर 'बाकी तू सुज्ञ आहेस' असं होतं. ते फोटोत आलं नाही. ज्या काकूंनी तीनदा पाणी मागितलं, त्या माझ्यापेक्षा बऱ्या. त्यांनी तुला निदान खूश करून फसवलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी काय केलं? प्रमिलाला लिहून ती पत्रं फाडायला लावली. तिने होळीत टाकली. तुला कधीही कळलं नसतं. ती टाकल्याचं कळलं त्या दिवशी मी निवांत होईन असं वाटलं होतं, पण तुझं पत्र माझ्याकडे होतं ना. 'त्या सरांनी माझ्या पायाकडे पाहिलं नाही.' आयुष्यभर मुलांना शब्द जपून वापरा म्हणून शिकवत आलो आणि माझ्याबद्दल कोणी लिहिलेल्या सर्वांत चांगल्या वाक्यापुढे मला बसता येईना. माझ्या बायकोने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हे चोरून बघणं आहे. मी हसलो होतो.

तू टाच उचलणं सोडलंस असं लिहिलंस. त्यासाठीच गप्प राहावं असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण ते तुझ्यासाठी होतं की माझं नाव राहावं म्हणून, याचं उत्तर मला देता आलं नाही. लेख मी परत मागवला आहे. मला तुझ्यापुढे फार लाज वाटते, गौरी.

विश्वनाथ


खानवेल
७ एप्रिल २०२५

विश्वनाथ सर,

पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते तुम्हाला दाखवण्यासारखं झालं नसतं.

खरं बोलल्याबद्दल तुमचे आभार मानावेत असं बाबा म्हणाले. मला ते जमत नाही. तुम्ही लिहून मोकळे झालात. मी ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर वर्गातून बाहेर पडले आणि दारातच माझी टाच आपोआप वर गेली. मला तुमचा राग आला तो त्या क्षणी. त्या काकूंचा मला कधी राग आला नव्हता, कारण त्यांच्यावर मी विश्वासच ठेवला नव्हता.

ओंकार इथे आला होता, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला दुसरीकडून कळेल. त्याला लग्न करायचं आहे म्हणाला. आईला समजावतो म्हणाला. मी विचारलं, पत्र तू वाचलं होतंस ना, त्याचा फोटो पाठवायच्या आधी? तो हो म्हणाला. खरं बोलतो तो, पण तेव्हा काही बोलला नाही. मी नाही म्हणून सांगितलं. त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेले नाही.

लेख तुम्ही मागे घेतलात ते बरं केलंत. मला कोणाच्या लेखात जायचं नाही, होडी म्हणूनही नाही.

आता एक गोष्ट. तुमच्या पत्रानंतर मला सारखं मागे बघायची खोड लागली. कोण बघतंय, कुठून बघतंय. आधी मी कधी वळत नसे, ताठ निघून जायचे. परवा सकाळी पाड्यातून शाळेकडे येताना अशीच चटकन वळले, तर माझ्या मागून दुसरीच्या मुली येत होत्या, चार-पाच जणी, ओळीने. सगळ्या उजवीकडे झुकून, डुलत. माझे कान तापले. वाटलं, आता मुलंसुद्धा. पुढे होती ती सोनी, तिला मी जवळजवळ दरडावूनच विचारलं, "काय चाललंय हे?"

ती घाबरली. म्हणाली, "टीचर, आम्ही शाळा-शाळा खेळतो. मी टीचर आहे."

"मग अशी का चालतेस?"

"टीचर अशाच चालतात ना."

तिला दुसरी टीचर माहीत नाही, सर. आमच्या शाळेत मी एकटीच आहे. तिला वाटतं शिक्षक झालं की असं चालायचं असतं. मागच्या मुलींना तर मी थांबलेय हेसुद्धा कळलं नव्हतं. त्या तशाच डुलत माझ्या बाजूने पुढे निघून गेल्या आणि एकीने वळून दुसरीला रांग मोडली म्हणून दम दिला, अगदी माझ्या आवाजात.

माझी आई मला लहानपणापासून रोज दारातून निघताना एकच वाक्य सांगत आलीय: नीट चाल. आजही सांगते. त्या मुलींकडे बघून ते माझ्या तोंडात आलं होतं.

मी ते म्हटलं नाही. त्यांच्या मागून शाळेपर्यंत चालत गेले.

गौरी